हैबती तांबटांचा मुका पट धुतला गेला, त्याची बखर

श्रीहरी. ज्याचे नाम घेता मुक्यासही वाचा फुटते, त्यास दंडवत घालोन लिहिले असे. शके १९१४, अंगिरा नाम संवत्सरे, माघमासी एका थोर राज्यात वर्तमान जाहले. राज्याचे नाव पुसू नये. ज्यास त्यास आपलेच वाटेल.

त्या राज्यात हैबती तांबट म्हणोन चित्रपटकार होते. बाप भांड्यांवर नावे घालीत, लेकाने तोच हात फिल्मवर चालविला. इतरांनी नायक नाचवावे, नायिका भिजवाव्या. हैबतींच्या पटात नायक नाही, नायिका नाही, गोष्टही नाही. लोक पुसत, "तांबटकाका, यातून समजावे काय?" आणि ते हसोन म्हणत, "कीर्तनातली झांज काय सांगते, ते समजते का रे? डोलता तर खरे." मग नागेशबुवा कीर्तनकार, उतारवयी आवाज पार गेला, तरी एकादशीस देवळात उभे राहिले, नुसते ओठ हलविले, आणि टाळकऱ्यांनी साथ केली. ते कीर्तन हैबतींनी आवाजावाचोन चित्रिले, आणि मग वर्षानुवर्षे खपोन, जेथे झांज वाजली तेथे तेथे फिल्मवर सुईने रेघ कोरली. पडद्यावर बुवांभोवती उजेडाच्या ठिणग्या उडत आणि पाहणारे आपसूक टाळी धरीत. प्रत एकच. पुढे बुवा वैकुंठवासी जाहले, परंतु हैबती म्हणत, "हा डबा आहे तोवर कीर्तन उभे आहे."

मग दरबारास सुचले की हैबतींचा गौरव करावा. जुने पट जपावयाच्या चित्रकोठीचे कारभारी दामाजीपंत, परमुलखी विद्या शिकोन आलेले, घरी येऊन बोलले, "काका, पट द्या, डागडुजी करोन दरबारी दाखवितो." हैबतींची स्त्री भागाबाई बोलली, "पंत, आधी पाहिलात का तो?" पंत बोलले, "काकू, पाहू की सवडीने." आणि हैबती भोळा जीव, डबा दिधला.

मग दरबार भरला, दिवे मालविले, आणि पडद्यावर बुवा उभे राहिले. ओठ हलतात, रेघ एक नाही. टाळीस हात उठेना, मागोन कोणी बोलला, "म्हातारा सुपारी चघळतो की काय?" आणि दरबार हसला. हैबतींस वाटले, आपलेच डोळे गेले. भागाबाईंस पुसले, "तुला ठिणग्या दिसतात का गं?" ती बोलली, "नाही हो." इतक्यात पंत पट चालू असताच उठोन सांगते जाहले, "फिल्म ओरखड्यांनी भरली होती, आमच्या लोकांनी एकूण एक बुजविला." आणि दरबाराने टाळ्या पिटल्या. ज्या टाळ्या बुवांच्या, त्या बुजविणारास मिळाल्या.

मग हैबतींच्या खांद्यावर जरीची शाल घातली. ते बोलले, "पंत, घरी आईच्या तोंडावर सुरकुत्या असतील, त्याही बुजविल्या का?" पंत बोलले, "काका, रागावू नये, ओरखडेच तर होते." हैबती बोलले, "शाल आम्हांस नको. उघडे बुवांस केलेत." ऐसे म्हणोन पडद्याशी गेले आणि शाल त्यावर टाकोन भागाबाईंसह चालते जाहले. पट चालतच होता. बुवांचे ओठ शालीवर हलले, जरीच्या दोनचार बुट्ट्या लकाकल्या. कीर्तन तेवढेच उरले.

येणेप्रमाणे राज्याने तांबटांचा पट लख्ख केला. ताट घासावे, ताटावरचे नाव घासू नये, इतके ज्यांस कळेना, कोठीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेस आहेत. देव दयाळू, एक वेळ क्षमा करील. झांज करणार नाही.