सासूबाईंचा डबा आणि उपग्रहाचा थर

ॲल्युमिनियमच्या बाबतीत अख्ख्या आइंडहोवन शहरात आपला हात कोणी धरणार नाही, असं अंबरीशचं ठाम मत होतं! उपग्रहाचे पत्रे उन्हात भाजू नयेत आणि सावलीत गोठू नयेत म्हणून त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा, हे त्याचं काम. लॉकडाउनमध्ये लॅब बंद झाली, तर पठ्ठ्याने घरामागच्या शेडमध्ये सायकली बाजूला सारून थर चढवायचा ॲसिडचा टब मांडला!

असा माणूस ॲल्युमिनियमचा डबा डिशवॉशरमध्ये घालेल? घातला! आणि तोही सासूबाईंचा.

शैलाताई तीन आठवड्यांपूर्वी सांगलीत करोनाने गेल्या. विमानं बंद. त्याच्या बायकोने, सुहासिनीने, आईला शेवटचं पाहिलं ते फोनवर. तेव्हापासून ती रडली नव्हती, नुसती तो मेतकुटाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. आईने दुकानातल्या यंत्राची वाट न बघता स्वतः खिळ्याने त्यावर नाव घातलं होतं. जागा पुरली नाही, म्हणून ‘सुहासि’ वर आणि ‘नी’ खाली!

बायकोला जरा आराम मिळावा म्हणून अंबरीशने भांडी लावली, आणि डबा काळाठिक्कर होऊन बाहेर आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“अरे, डबा कुठाय?” वरून हाक आली.

“चकचकीत करतोय गं! थर चढवतो, मग बघ, उपग्रहावर बसवशील!”

“मला घरातच हवाय तो.”

थर चढवण्याआधी काळं काढायला हवं. त्यासाठी सुपरमार्केटमधून आणलेला, मोरी साफ करायचा, ॲल्युमिनियम खाणारा कॉस्टिक सोडा. दोन मिनिटं पुरे! डबा बुडवला आणि साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. साहेबही म्हणाले, दोनच मिनिटं! साहेबांची दोन मिनिटं जगात सगळीकडे सारखीच. चाळीस मिनिटांनी अंबरीश धावला. काळं गेलं होतं. नावही गेलं होतं.

थर चढला की अक्षरं पुन्हा उठतील, अशी वेडी आशा धरून त्याने डबा ॲसिडच्या टबात सोडला आणि वीज चालू केली. आगीतून फुफाट्यात! डबा बाहेर आला तो देखणा, राखाडी आणि कोरा.

संध्याकाळी सुहासिनीने तो हातात फिरवला. एकदा, दोनदा.

“नाव?”

“गेलं. माझ्यामुळे.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मी हसले होते रे त्या ‘नी’ला. आई म्हणाली, वाचता येतंय ना, मग झालं तर!”

मग तीच शेडमधून खिळा घेऊन आली. “मी घालते. आईसारखंच.”

खिळा घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी डब्यावर साधा चरासुद्धा उमटेना. तेव्हा मात्र तिला हुंदका फुटला, आणि ती डबा पोटाशी धरून मोठमोठ्याने रडली.

अंबरीश शेजारी खाली मान घालून बसला. इतका पक्का थर त्याला आजवर कधीच जमला नव्हता!