सोवळ्यातली झडप

कृष्णरावांचे म्हणणे असे होते, की त्यांच्या माजघरातील झडपेला जेवढी अक्कल आहे, तेवढी मध्यभारत सरकारच्या निम्म्या सचिवांना नाही. हे मत ते भाजी घेतानाही भाजीवाल्याला ऐकवीत.

कृष्णराव पुण्याहून इंजिनियरीची एल.सी.ई. परीक्षा देऊन आलेले आणि इंदुरास पाण्याच्या नळांत तीस वर्षे घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. बेटम्याच्या रस्त्यावरील एका जहागिरदाराच्या कोठीचा लिलाव झाला, तेव्हा लोक झुंबरे आणि पलंग पाहत होते. कृष्णरावांनी मात्र खोली उबवायचा, ओतीव लोखंडाच्या पट्ट्यांचा एक रेडिएटर घेतला. चार हमालांनी तो रामबागेतील घरी आणून माजघरात ठेवला, तेव्हा त्यांच्या पत्नी यशोधराबाई एवढेच म्हणाल्या, “हार्मोनियमच आणायचा होता, तर वाजणारा आणायचा.”

परसातील तांब्याच्या बंबापासून माजघरापर्यंत नळ टाकले गेले. बंबातील तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाई, खोलीला ऊब देई आणि निवून परत येई. पाण्याची पातळी नळाखाली गेली तर आत हवा शिरेल, म्हणून बंबावर पाटी लागली: “यातील पाणी स्नानासाठी घेऊ नये.” त्या दिवसापासून घरातील आंघोळीचे पाणी चुलीवर, चुलीला सवड असेल तेव्हा, तापू लागले.

झडपेची निवड हे तर स्वतंत्र प्रकरण होते. तीन विलायती कंपन्यांची पत्रके आली, फुलस्केप कागदावर तक्ता झाला, आणि चार महिन्यांनी मुंबईच्या एजंटाकडून एक झडप आली. तिच्या मुठीत एक द्रव भरलेला होता. भोवतालची हवा तापली की द्रव फुगे आणि पाण्याची वाट बंद करी. हवा गार झाली की आक्रसे आणि वाट मोकळी करी. मुठीवर एक ते पाच आकडे होते. माणसाने आकडा लावावा आणि स्वस्थ बसावे.

स्वस्थ मात्र कोणाला बसता येईना. येणारा-जाणारा मूठ फिरवून पाही. अखेर कृष्णरावांनी रेडिएटरभोवती लाकडी कठडा घातला, “हात लावू नये” ही दुसरी पाटी टांगली, आणि भिंतीवर देखभाल-पत्रक चिकटवले. कलम एक, मूठ महिन्यातून एकदा पूर्ण उघडून पूर्ण बंद करणे, नाहीतर आतील खिळा चिकटतो. कलम दोन, मुठीवर धूळ बसू न देणे. अशी नऊ कलमे होती.

यशोधराबाईंचे धाकटे बंधू अप्पासाहेब सचिवालयात होते. ते नाताळच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून आले आणि कठड्यापाशी उभे राहून इंदुरी ढंगात म्हणाले,

“जीजाजी, सरकारने अख्ख्या राज्याचा विचार करून ठरवलं, की इंदूर उन्हाळ्याची राजधानी आणि ग्वाल्हेर हिवाळ्याची. थंडी सरकारी फायलीबरोबर ग्वाल्हेरला जाते, भिया. इथे तुम्ही कोणाला शेकताय?”

“तुझ्या बहिणीचे गुडघे,” कृष्णराव म्हणाले.

“माझ्या गुडघ्यांनी अर्ज केला नव्हता,” आतून उत्तर आले.

त्याच संध्याकाळी यशोधराबाईंनी आपली अट सांगितली. संक्रांतीचे हळदीकुंकू याच माजघरात होईल. बायकांना सुख वाटले, तर ही पेटी राहील. एकीनेही नाक मुरडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला बाबूराव हातगाडी घेऊन येईल; त्याला निरोप गेलेलाच आहे. कृष्णरावांनी अट हसत मान्य केली. झडपेवर त्यांचा विश्वास होता.

त्या विश्वासाला पहिला तडा संक्रांतीच्या आठ दिवस आधी गेला. कृष्णराव रोज आठ वाजता वाचनालयात जात आणि साडेदहाला परत येत. परत येऊन पाहावे तो माजघर भट्टीसारखे तापलेले. मूठ तीनवर, म्हणजे जागच्या जागी. दुपारपर्यंत सगळे आपोआप ठीक. त्यांनी नोंदवही सुरू केली. मूठ दोनवर आणली, तरी तेच. झडप उघडून पुसली, तेल दिले, तरी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी वहीत लिहिले, “दोष केवळ सकाळी उद्भवतो. कारण अज्ञात.”

कारण अज्ञात नव्हते. त्याचे नाव भानुमतीअक्का होते. कृष्णरावांच्या या थोरल्या विधवा बहिणीचे सोवळे कडक होते, आणि हिवाळ्यात ते वाळता वाळत नसे. ते वाळत घालायला, कोणाचाही स्पर्श होणार नाही अशी जागा अक्का चाळीस वर्षे शोधत होत्या. दांडीवर मांजर चढे, गच्चीवर माकडे येत. आणि आता भावानेच माजघरात कठडा घालून, पाटी लावून, सगळ्या आळीला दटावून अशी एक जागा करून दिली होती. आठ वाजता भाऊ बाहेर पडला, की अक्का काठीने ओले सोवळे रेडिएटरवर टाकीत. दहाला ते खडखडीत वाळे आणि काठीनेच परत जाई. काठीने टाकलेल्या लुगड्याचा ओला पदर रोज नेमका मुठीवर येई.

संक्रांतीच्या दिवशी बोरे आणणाऱ्या सखुबाईचा धक्का लागला, म्हणून अक्कांनी दुपारी पुन्हा स्नान केले, साडेचारला सोवळे रेडिएटरवर टाकले, आणि त्या राममंदिरात कीर्तनाला निघून गेल्या. कृष्णरावांना तर दोनपासूनच परसात बंबापाशी बसवले होते. माजघरात बायकांचे राज्य होते.

पाच वाजता वीस बायका काळ्या चंद्रकळा नेसून माजघरात दाटीवाटीने बसल्या. सव्वापाचला सगळ्यांनी ऊब नावाजली. साडेपाचला शाली उतरल्या. पावणेसहाला तिळाच्या लाडवांतील गुळाने धीर सोडला आणि ताटातील पंचवीस लाडवांचा एकच लाडू झाला. मग मेणावर लावलेली कुंकवे हलू लागली. शाळेच्या हेडमिस्ट्रेस सरोजिनीबाई यांचे कुंकू नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबले, आणि त्यांच्या धाकाने ते त्यांना कोणी सांगेना.

यशोधराबाई परसदारी आल्या. “अहो, तुमची ती शहाणी झडप बंद करा. मंगलावहिनींना घेरी येतेय.”

कृष्णरावांनी विस्तव ओढला. परंतु बंबातील मणभर उकळते पाणी फिरतच राहणार होते. “मूठ एकवर आण,” ते म्हणाले.

“कशी आणू? वर अक्कांचं सोवळं आहे.”

कृष्णरावांचा चेहरा असा उजळला, की यशोधराबाईंना वाटले उष्णता यांच्याही डोक्यात गेली.

“ओलं आहे? मुठीवर आहे?”

“रोजच असतं.”

“अगं, सुरईला ओलं फडकं गुंडाळल्यावर पाणी गार होतं, तसं हे! मुठीला वाटतंय खोली गार आहे. म्हणून ती वाट उघडी ठेवतेय. झडप निर्दोष आहे, यशोधरे. आपलं कर्तव्य करतेय बिचारी.”

“तिचं कौतुक मंगलावहिनी शुद्धीवर आल्यावर करा. आधी ते सोवळं कोण काढणार, ते सांगा.”

हा प्रश्न खरोखरच तांत्रिक होता. अक्का मंदिरात, आणि अक्कांची काठी देवघरात. देवघरात शिरायला सोवळ्यातलेच माणूस हवे, आणि वीसही बायका खाऊन-पिऊन बसलेल्या. कृष्णरावांचा सोवळ्याचा रेशमी मुकटाही देवघरातच. उरला एकच मार्ग: स्नान करून ओलेत्याने जाणे. चुलीवर पाहुण्यांसाठी मसाल्याचे दूध होते. बंबात उकळते पाणी होते, पण बंबावर पाटी होती, आणि ती त्यांच्याच अक्षरात होती. ते पाटीपुढे काही क्षण उभे राहिले. मग त्यांनी हौदात घागर बुडवली.

त्यानंतर माजघराच्या दारात जे दृश्य उभे राहिले, ते रामबागेत पुढे बरीच वर्षे सांगितले गेले. निवृत्त सहायक इंजिनियर, अंगावर एक ओला पंचा, दात वाजत आहेत, आणि तोंडाने “जरा वाट द्या, जरा वाट द्या” हा जप. वीस बायकांनी एकदम भिंतीकडे तोंडे फिरवली. त्या घाईत सरोजिनीबाईंचे कुंकू नाकावरून भिंतीवर उमटले.

कृष्णरावांनी कठडा ओलांडून सोवळे उचलले आणि ते मुठीकडे पाहत उभे राहिले. थोड्याच वेळात नळातील सळसळ थांबली. झडप मिटली होती. पाव तासाने खोली सोसवेल अशी झाली, मंगलावहिनींनी पाणी मागितले, आणि कृष्णराव ऊब घ्यायला रेडिएटरला टेकले, तेव्हा तो निवत चालला होता. झडप आपले कर्तव्य करीतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूराव हातगाडी घेऊन दारात आला. सात बायकांनी नाक मुरडले होते. निकाल स्पष्ट होता. कृष्णराव पांघरुणातून उठलेच नाहीत. तेवढ्यात अक्का काठी घेऊन ओटीवर आल्या.

“गाडी परत ने रे बाबा. माझं सोवळं दोन तासांत वाळतंय. कृष्णाने जन्मात एक कामाची वस्तू केली आहे, ती जायची नाही.”

“पण अक्का, तो पदर झडपेवर...” पांघरुणातून क्षीण आवाज आला.

“पदर मी बाजूला घेईन. तू मात्र यापुढे त्या जागेला पारोशाने हात लावायचा नाहीस.”

बाबूराव रिकामी गाडी घेऊन गेला. रेडिएटर राहिला. कृष्णराव जिंकले होते, आणि तसे त्यांनी अप्पासाहेबांना ग्वाल्हेरला पत्रही लिहिले. भिंतीवरील देखभाल-पत्रकात फक्त कलम एकच्या वरच्या कोऱ्या जागेत यशोधराबाईंच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढली होती. तिचा उल्लेख त्यांनी पत्रात केला नाही.

“प्रथम स्नान. (बंबातील पाणी घेऊ नये.)”