भाऊरावांचं नाव

चंद्रशेखर यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध करायची ठरवली, आणि तिथंच माशी शिंकली.

भांडण जुनं होतं. थोरल्या लेकीच्या, समीक्षाच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देताना माइकवर नावं पुकारली ती चंद्रशेखर यांनीच. (आपला आवाज खणखणीत आहे, असं त्यांचं स्वतःबद्दल मत.) त्यात आपलं नाव आलंच नाही म्हणून बायकोचा, कोकिळाचा, थोरला भाऊ भाऊराव जो रुसला, तो वर्षभर वडनेर भोलजीहून संग्रामपूरकडे फिरकला नाही. आता धाकट्या डिंपलचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. नवरीला मांडवात आणायचं मामानं, आणि मामाचं तोंड वाकडं!

"घेतलं होतं हो तुमचं नाव! व्हिडिओत हाय," चंद्रशेखर फोनवर बोलून गेले.

"मंग दाखवा. आयकू आलं तर लग्नाले येतो."

म्हणून रविवारी दुपारी भाऊराव सोफ्यावर येऊन बसला. चहाला नको म्हणाला. समोर टीव्ही, टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर, दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर. सगळी जोडणी चंद्रशेखर यांच्या हातची. व्हिडिओ सुरू झाला. मांडव दिसला. बँडवाले गाल फुगवून जीव खाऊन वाजवताना दिसले. आवाज मात्र औषधालाही नाही.

"भाऊजी, आवाज?"

"येते ना. गरम व्हाले टाइम लागते त्याले."

चंद्रशेखर यांनी आवाज शंभरावर नेला. सगळ्या वायरी उपटून, फुंकर मारून पुन्हा खोचल्या. (एक वायर टेबलफॅनची निघाली.) शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर त्याला नेमकं तेव्हाच अपडेट व्हायची लहर आली आणि तो सत्तावीस टक्क्यांवर बैठक मारून बसला. भाऊरावनं घड्याळ पाहिलं.

"मले पाचची गाडी हाय."

चंद्रशेखर यांना कूलरसमोर घाम फुटला. दारात डिंपल उभी होती. मामाशिवाय पोरगी मांडवात आली तर तिला जन्मभर काय सांगायचं?

व्हिडिओ पुन्हा लागला, पुन्हा मुका. तेवढ्यात कोकिळा टीव्हीमागे वाकली.

"अहो, इथं कोन बोलून राह्यलं?"

मागे इअरफोन लोंबकळत होते आणि त्यांतून बारीक किणकिण येत होती. परवा घरात बायका पापड लाटत असताना गुपचूप मॅच ऐकायला ते खोचले होते खुद्द चंद्रशेखर यांनी!

भाऊरावनं इअरफोन ओढून स्वतःच्या कानांत घातले. आता ऐकणारा तो एकटा, आणि बाकी सगळे त्याचं तोंड पाहणारे. ते तोंड हळूहळू आंबट झालं.

"नाई न आलं नाव."

"शक्यच नाई!" चंद्रशेखर यांनी व्हिडिओ मागे नेला आणि इअरफोनची पिन उपटली. स्पीकर गरजले.

"पिंपळगाव राजाचे गोविंदा पाटील!"

मग पडद्यावरच्या चंद्रशेखर यांचे ओठ हलले. "भाऊराव" अगदी स्पष्ट दिसलं, पण ऐकू आला तो फक्त पंगतीचा गलका. पाठोपाठ स्पीकर पुन्हा दणाणले, "हॅलो, हॅलो! माइक कोनं बंद केला बे?"

माइकच्या बटणावर चंद्रशेखर यांचाच अंगठा होता.

भाऊराव पडद्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट गदगदा हलायला लागलं.

"म्हंजे नाव तुमी घेतलं."

"घेतलं ना!"

"अन् बटनबी तुमीच दाबलं."

"...हाव."

"कोकिळा, चहा ठेव. पोरीले मांडवात मीच आनतो. पन माइक माह्या हातात राहीन."

चंद्रशेखर यांचा जीव भांड्यात पडला. लग्न थाटात झालं. भाऊरावनं नवरीला आणलं, आणि टॉवेल-टोपीची नावंही अशी पुकारली की शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेली.

परवा व्हिडिओ आला. आवाज एकदम चोख. चंद्रशेखर यांनी दार लावून, तो शंभरावर नेऊन तीनदा ऐकला. टेबलफॅन भाड्यानं देणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. फक्त नवरीच्या बापाचं राहून गेलं होतं.