हाडाचा बांध

डॉ. सोपानराव एक्स-रेसमोर उभे राहिले की त्यांना हाड दिसत नाही, शेत दिसतं. कुरुळीतली त्यांच्या घराण्याची जमीन कंपन्यांखाली गेली. मोजणीची सवय तेवढी अंगात राहिली. चाकणला त्यांचं एक्स-रे सेंटर आहे. मी त्यांचा शेजारी. येता-जाता तिथे चहा घेतो.

गुडघ्यापाशी गाठ दिसली की आधी वय विचारायचं, मग बांध बघायचा, अशी त्यांची रीत. गाठीची कड पांढरी, रेखीव असेल तर ‘शेजारी चांगला’. कड पुसट होऊन गाठ हाडात पसरत असेल तर ‘बांध कोरलाय’. एका तरुण अस्थितज्ज्ञाने फोनवर हात जोडले होते, “सर, सातबारा राहू द्या, रिपोर्ट सांगा.”

परवा कोमल आली. वय चौदा, कबड्डीत पडलेली. हाड मोडलं नव्हतं. पण गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात, बुडबुड्यांसारखा डाग होता. स्क्रीनवर तो दिसताच तिच्या वडिलांनी मोबाइल काढला. ते लातूरचे, इथे कंपनीत.

“साहेब, पाय कापावा लागतो का हो?”

“कोण म्हणालं?”

“मोबाइल.”

“मोबाइलनं शिवार बघितलंय का?” सोपानराव कोमलकडे वळले. “रात्री दुखतं का गं?”

“नाही. पडले तेव्हाच दुखलं.”

त्यांनी स्क्रीनवर डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. वडिलांनी बाकाची कड घट्ट धरली होती.

“हे बघा. हाडाच्या कडेला बसलीय, भोवती पांढरा बांध, कुठंबी कोरलेला न्हाई. साधी गाठ हाय. सुई नको, ऑपरेशन नको. पोरगी वाढंल तसं हाड भरून येईल.”

“पक्कं?”

“पक्कं. हाडांच्या डॉक्टरांनाही दाखवा, तेही हेच सांगतील. सूज उतरली की खेळू द्या.”

वडील हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. “पप्पा, चला ना, सगळे बघतायत,” कोमल पुटपुटली.

त्यांची गाडी वळेपर्यंत सोपानराव दारात उभे होते. मग त्यांनी मला विचारलं, “वहिनींनी आज काय केलंय?”

“पिठलं.”

“मी येतो जेवायला.”

त्यांच्या पत्नी गेल्यापासून आम्ही कितीदा बोलावलं, ते आले नव्हते.

“असलं काही सांगायला मिळालं ना,” ते चपला शोधत म्हणाले, “की त्या दिवशी एकट्यानं जेववत नाही, राव.”