ओनिशींच्या मुठीवरची कोळंबी

"सेकी गावात तलवारी शेकड्यांनी आहेत फुमिए, पण खरी धार या एकाच डोक्याला आहे," तोकुजी आरशासमोर म्हणाला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो गुप्तहेर होता. इतका गुप्त, की अजून एकाही गुन्ह्याला त्याचा पत्ता लागला नव्हता. फुमिए त्याची बायको, आणि ओघानंच सहायक.

त्याच सकाळी गावातल्या ओनिशींनी दोघांना घरी बोलावलं. वडिलांमागे त्यांच्याकडे एक तलवार आली होती. वडिलांच्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं, मुठीवर सोन्याच्या कोळंब्या दोन. कोनाड्यातल्या तलवारीवर दिसत होती एकच. मुठीला नवी रेशमी दोरी गुंडाळून ती कालच मुठी बांधणाऱ्या सुगायांकडून आली होती.

"तलवारीला कुणी हात लावायचा नाही," तोकुजीनं बजावलं. "ठसे पुसतील."

मग त्यानं दोन तास विचार केला. आधी संशय मांजरावर आला, कारण कोळंबी. मांजर सोनं खात नाही, हे फुमिएनं निदर्शनास आणलं. मग नागोयाच्या एका संग्राहकावर. तो तीन वर्षांपूर्वी वारला होता.

"म्हणजे तो सुटला," तोकुजी म्हणाला. "उरले सुगाया. दोरीखाली माल दाबायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय?"

फुमिएनं नकारार्थी मान हलवली. सुगायासाननी चाळीस वर्षं गावच्या मुठी बांधल्या होत्या. पण ओनिशींनी तोवर त्यांना फोन लावलाही होता.

म्हातारबुवा आले ते हत्यारांची पेटी काखेत घेऊन. पेटी त्यांनी चटईवर ठेवली.

"मी चोर ठरलो तर ही इथंच राहील. त्याआधी माझं काम एकदा बघू द्या."

"ठसे..." तोकुजी म्हणाला.

"माझेच आहेत, कालचे," म्हणत सुगायांनी तलवार उचलून उलटी केली. भिंतीकडच्या बाजूला दुसरी कोळंबी ऐटीत मिशा वळवून बसली होती.

"एक या अंगाला, एक त्या अंगाला. बापजाद्यांपासून असंच बसवतात."

ओनिशींनी चटईला कपाळ टेकलं, ते बराच वेळ उचललं नाही. फुमिएही वाकली, नवऱ्याच्या वाटचं जरा जास्तच.

तोकुजी मात्र वहीत लिहीत होता. "चोर घाबरला. माल परत ठेवून पळाला."

सुगायांनी पेटी काखेत मारली आणि हळूच विचारलं, "फुमिएसान, घरी कसं चालतं तुमचं?"

"घरी मी वस्तू उलटून बघते," ती म्हणाली.