माठाशेजारची तारा

आमच्या शेणवे गावचा बाळाराम उन्हाळा लागला की बायकोला माठाशेजारी ठेवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. राहिली आहे ती प्लास्टिकच्या जाळीत बसवलेली, बोटाच्या पेराएवढी मेणाची वडी. ताराच्या पोटातल्या गाठीचा तुकडा शहरातल्या दवाखान्यात काढला होता, तो त्या मेणात थिजवलेला. रोग कळायच्या आधीच तारा गेली. वडी बाळारामने मागून घेतली.

त्याच्या पडवीत कुणी विडी पेटवली की हा ओरडणार, "लांब हो रे, पातळ व्हईल ती!" पोरं हसतात. मीही हसायचो. चौथीच शिकलो असेन, पण मला बोलायला कुणाची भीती नाही. मी सरळ सांगितलं, "अस्थी गेल्या, आता ह्ये पण सोड नदीत."

"तिला काय झालं व्हतं त्याचं नाव कळल्याशिवाय नाय सोडनार, दादा."

नाव त्याला हवं होतं टोकावड्यासाठी, ताराच्या माहेरासाठी. तारा वाळून काडी झाली होती. तेराव्याला तिचे भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची भन तुमी उपाशी मारली." तेव्हापासून टोकावड्याची एसटी आली की बाळाराम पाठ फिरवून उभा राहतो.

मध्यंतरी त्याच दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जुन्या मेणातूनही आता रोग ओळखता येतो. जंतू कधीचा मेलेला असतो, पण त्याची खूण तुकड्यात राहते. यंत्र त्या खुणेच्या नकला काढत जातं, मग ती वाचता येते. मी सोबत गेलो. वडी कापायला घेतली तसा बाळाराम काचेला नाक लावून ओरडला, "पातळ काप रे बाबा! दुखायचं जाऊ दे, संपंल ती!"

"केसाहून पातळ कापतो, आजोबा. उरलेली परत देऊ," बाई म्हणाल्या.

आठवड्याने निकाल आणि उरलेली वडी घ्यायला गेलो. टीबी निघाला. "वेळेवर कळलं असतं तर गोळ्यांनी..." एवढं बोलून बाई थांबल्या.

बाहेर येताच मी म्हणालो, "चल असाच टोकावड्याला. दाखव त्यांना!"

"काय दाखवू, दादा? गोळ्यांनी बरी झाली असती, ह्ये?"

दुसऱ्या दिवशी तोच दारात आला. "चल. नाव कळलं."

नदीत कमरेएवढ्या पाण्यात त्याने वडी प्लास्टिकच्या जाळीतून सोडवली, ओंजळीत घेतली आणि सोडली. मेण तरंगतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. वडी गिरकी घेऊन त्याच्या पोटाशी आली. त्याने ढकलली. ती परत आली.

"दगड बांध," मी काठावरून म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

"नाय बुडत ती," तो म्हणाला. वडी पंच्याने टिपली, ओल्या पंच्यातच गुंडाळून छातीशी धरली.

घरी निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. मी त्याच्या उन्हाच्या बाजूने चालू लागलो.