पहिले वाकाचं, मंग झाडाचं

धनज गावचे किराणा दुकानदार शांतिलालजी लाथ मारण्याआधी जमीन झाडून घेत. धर्म जैन आणि नाद कुंगफूचा! पायाखाली मुंगी आली तर? म्हणून ज्वारीच्या पोत्याला लाथ बसण्याआधी हातात केरसुणी. "पहिले वाकाचं, मंग झाडाचं, मंग ठोकाचं," हा त्यांचा मंत्र. वाकायचं म्हणजे पोत्यापुढे कमरेत, चिनी पद्धतीनं. गिऱ्हाइकापुढेही ते तसेच वाकत. पावशेर गुळाला आलेल्या म्हाताऱ्या घाबरून त्यांच्याच पाया पडत.

याचं मूळ एक चिनी नट. सत्तरच्या दशकात त्याचे पिच्चर टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागत आणि नंतर महिनाभर गावात कोणी दार हातानं उघडत नसे. मी तिथं नवा मास्तर, शांतिलालजींचा भाडेकरू. त्यामुळे नटाचं चरित्र मला रोज पाजलं जाई.

"मास्तर, वीस वर्सं दुसऱ्या हिरोच्या जागी मार खाल्ला यानं! मंग सोता हिरो झाला. आता साठीले आला. पाय कमरेवर जात नाही."

"मग लढतो कसा?"

"डोयानं!" म्हणत ते माझ्याकडे असे बघत की मला खोकलाच येई.

दुपारी दुकान बंद झालं की आतून धपधप ऐकू येई. त्यांच्या पत्नी कमलाकाकू लकव्यानं तीन वर्षं खाटेवर. बिचारीच्या उशाशी हा धिंगाणा! मला शेठजींचा रागच यायचा.

एकदा त्या नटाचा नवा पिच्चर आला, तोही एकाच खेळापुरता. सकाळी तंबू पोहरादेवीच्या यात्रेला निघणार होता. शांतिलालजी दिवसाउजेडी जेवून पहिल्या रांगेत हजर. मध्यंतरानंतर ऑपरेटरनं घाईत एक रीळ गाळलं. शेठजी ताडकन उठले आणि थेट मशीनपुढे जाऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांच्या टोपीची ही मोठी सावली!

"खाली बसा ना शेठ!" पब्लिक ओरडली.

"काहून बसू? मधलं रीळ खाल्लं यानं! मले पुरा पिच्चर पाहिजे!"

"अजी, त्याच्यात काई नाही," ऑपरेटर म्हणाला. "हिरो नुसता मार खाते."

"थेच पाहिजे!"

ते वाकले. उपरण्यानं जमीन झाडू लागले. पुढची पायरी सगळ्या गावाला पाठ होती. ऑपरेटरनं हात जोडले आणि रीळ लावलं. म्हाताऱ्या हिरोला त्याचाच चेला जिन्यावरून पुन्हा पुन्हा ढकलत होता. पब्लिक कंटाळून शिट्ट्या मारत होती. शांतिलालजी बोटांवर काहीतरी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा पेपर परत करायला गेलो. आतून धपधप चालूच होती. दार अर्धवट उघडं होतं. काकूंना उशांना टेकून बसवलं होतं. शेठजी पोत्यांच्या थप्पीवर उभे.

"आता चेल्यानं ढकललं!" असं ओरडून ते धपकन खालच्या रिकाम्या पोत्यांवर पडले.

काकू हसल्या. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण खळखळून. तोवर मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"अजी," त्या अडखळत म्हणाल्या, "थो सात डाव पडला म्हन्ता ना? हे सहाच झाले."

शांतिलालजी कंबर धरून उठले. काकूंपुढे वाकले. केरसुणी घेऊन जमीन झाडली. आणि पुन्हा थप्पीवर चढले.